ब्रेकबाईंच्या गोळ्या

माझ्या मावशीला निम्मं शहर 'ब्रेकबाई' म्हणून ओळखतं. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. ती गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शेजारच्याने आपला ब्रेक दाबायचा. मावशी तो इतक्या अलगद दाबायची, की गाडी आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटायचं आणि तो खूश होऊन पुढे निघायचा.

नव्या माणसाचे हात स्टिअरिंगवर थरथरायला लागले की ती म्हणायची, "गाडीला चार चाकं, आपले दोघांचे मिळून चार पाय. फिट्टंफाट. आता घाबरायचं कारण काय?" क्लचबद्दलही तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "क्लच संसारासारखा असतो. एकदम सोडला की सगळं बंद पडतं." बायका हसायच्या, पुरुष कसनुसं हसायचे, आणि क्लच हळू सुटायचा.

तिच्याकडे एकच गाडी, पांढरी, छोटी. छतावरची आणि दारावरची अक्षरं काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, स्वतः रंगवलेली. काकांचा पाट्या रंगवायचा व्यवसाय. बोलणं कमी, जे काय सांगायचं ते ब्रशने. मूलबाळ नाही, त्यामुळे मी भाची असले तरी दोघांच्या घरात माझा वावर लेकीसारखा.

मावशीची स्मरणशक्ती हा आमच्या घरात कौतुकाचा विषय होता. कोण डावीकडे वळताना श्वास रोखतो, कोण आरशात रस्ता सोडून स्वतःचे केस बघतो, कोणाला मोठी गाडी मागून आली की घाम फुटतो, सगळं तिच्या डोक्यात. जुना विद्यार्थी कुठे भेटला तर नाव विचारायच्या आधी विचारायची, "रिव्हर्स घेताना अजून जीभ बाहेर येते का हो?"

साठी ओलांडल्यावर वर्षभराने त्या डोक्यात कुठेतरी भोकं पडायला लागली. आधी शब्द निसटले. "अगं ते लाव ना… ते… काच पुसायचं…" असं म्हणत ती हवेत हात हलवायची, आणि शिकणारी बिचारी खिडकीची काच खाली करायची. मग माणसं निसटली. एका मुलीला आदल्या दिवशी शिकवलेलाच धडा दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून शिकवला. मुलगी चांगल्या घरची, गप्प राहिली, फक्त शेवटी म्हणाली, "बाई, कालच्यापेक्षा आज जास्त समजलं." मावशीला ते घरी आल्यावर उमगलं. मग ती बराच वेळ पायातले बूट न काढता तशीच बसून राहिली.

तिच्या भीतीचं कारण माझी आजी होती. मावशीची आणि माझ्या आईची आई. शेवटची काही वर्षं आजी मावशीकडेच होती. दुपारभर एकच टॉवेल घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची. एकदा मावशी तिचे केस विंचरत असताना आजी वळून म्हणाली होती, "तुम्ही फार चांगल्या आहात हो. तुमची आई कुठे असते?" मावशीने "इथेच असते, जवळच" असं सांगितलं आणि वेणी पुरी केली. ही गोष्ट तिने माझ्या आईला सांगितली ती आजी गेल्यावर. तोवर एकटीच पोटात घेऊन फिरत होती.

आता स्वतःचे शब्द निसटायला लागल्यावर तिने कोणाला सांगितलं असेल? कोणालाच नाही. काकांना नाही, माझ्या आईला नाही. ती गेली थेट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. दुकानदार तिचाच विद्यार्थी. परीक्षेत बऱ्याचदा आपटून शेवटी पास झालेला, त्यामुळे तिच्यापुढे कायम मान खाली घालून उभा राहणारा.

"सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही," मावशी म्हणाली. "काहीतरी चांगलं द्या."

सासूबाई जाऊन किती तरी वर्षं झाली होती. एवढ्या एका खोट्यासाठी त्या काही उठून जाब विचारायला येणार नाहीत, असा मावशीचा हिशेब. दुकानदाराने थोडे आढेवेढे घेतले. "डॉक्टरांची चिठ्ठी असती तर बरं झालं असतं, बाई." पण बाईंनी नुसतं बघितलं, आणि तो आत जाऊन गोळ्या घेऊन आला. "डोक्याला मार लागलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना देतात ही. मेंदूला तरतरी येते म्हणतात."

पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात 'नूट्रॉपिक' असा शब्द होता. मावशीने तो कागद भिंग लावून वाचला, निम्मा कळला, आणि उरलेल्या निम्म्यावर विश्वास ठेवून तिने गोळ्या सुरू केल्या.

पहिले काही दिवस खरंच बरं वाटलं. डोकं लख्ख झाल्यासारखं. 'वायपर' हा शब्द तिने स्वतःशीच एवढ्यांदा म्हणून बघितला, की शिकायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, आभाळ तर स्वच्छ आहे. वायपर लावायचा का?"

मग झोप उडाली. अंथरुणावर पडलं की डोक्यात इंजिन चालूच. माणूस झोपला नाही की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात मावशीचा स्वभाव मुळात तिखट. ती शिकणाऱ्यांवर खेकसायला लागली. क्लचचं ते वाक्य बंद झालं. तिच्याकडे एक जुनी गोळी होती, हाताला खाज सुटायची तेव्हा एका त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली. खाज कधीच गेली होती, पण त्या गोळीने झोप छान लागते म्हणून ती चालूच राहिली होती. आता ती एकाऐवजी दोन घ्यायला लागली. सकाळी डोकं जड, जीभ टाळूला चिकटलेली, म्हणून मग मेंदूची गोळीही वाढवली. एक गोळी उठवायला आणि एक झोपवायला. आणि आठवणींची भोकं मोठीच होत चालली.

मग तो पुलाचा प्रसंग घडला.

त्या दिवशी गाडी चालवायला बसला होता आमच्या बाजारातला न्हावी. पन्नाशीचा, गलेलठ्ठ, भित्रा. पुलावर चढण आहे. पुढे दुधाची गाडी अचानक थांबली. न्हाव्याने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. तीस वर्षांत मावशीचा पाय अशा वेळी विचार न करता जागेवर गेला होता. त्या दिवशी मात्र तिने खाली बघितलं. दोन पेडलं दिसत होती. यातला ब्रेक कोणता, हे तिला कळेना.

न्हाव्याने किंचाळत हँडब्रेक ओढला. गाडी आचका देऊन थांबली. दुधाच्या गाडीत आणि त्यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं.

न्हावी घामाने निथळत होता, पण चेहऱ्यावर हसू. "बाई! तुम्ही मुद्दाम थांबलात ना? माझं मला जमतंय का ते बघायला?"

"हो," मावशी म्हणाली. "मुद्दामच."

तिने त्याला उतरायला सांगितलं. स्वतः गाडी हळू हळू घरी आणली, अंगणात लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. काकांना म्हणाली, "गाडीचं काम निघालंय. काही दिवस शिकवणी बंद."

काकांना गाडीतलं काही कळत नाही, पण बायकोतलं कळतं. गाडीचं काम निघालं असतं तर मावशीने मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. ही तर नुसती खिडकीत बसून राहायला लागली. एके सकाळी काकांना टॉर्च हवा होता म्हणून त्यांनी गाडीचा पुढचा कप्पा उघडला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, चुरगाळून कोंबलेली. त्यांनी एक सरळ केलं, वाचलं, आणि मला फोन केला. काकांचा फोन येणं हीच मोठी घटना.

"तू येतेस का?" एवढंच म्हणाले.

मी गेले. काकांनी ते पाकीट टेबलावर, मावशीच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. मावशीने पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आधी रागावली. "माझ्या गाडीत हात घालायचं काय कारण?" मग राग कुठल्या कुठे गेला आणि एकदम लहान आवाजात म्हणाली, "आईसारखं होतंय मला. मला ब्रेक ओळखू आला नाही."

तिने सगळं सांगितलं. न्हावी, पूल, दुधाची गाडी, ती वीतभर फट. काका ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एवढं सगळं एकटीने? मी काय पाटीवरचं चित्र आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तिच्यावर चिडलेलं बघत होते, आणि तिला ते बरं वाटत होतं.

मेंदूच्या डॉक्टरची वेळ मी घेतली. फोनवर तिथल्या बाईंनी बजावलं, "घरात पेशंट घेत असलेली सगळी औषधं बरोबर आणा. मलमंसुद्धा." काकांनी घर धुंडाळून एक कापडी पिशवी भरली.

डॉक्टर मावशीच्या निम्म्या वयाची, केस आखूड, बोलणं शांत. तिने आधी बराच वेळ प्रश्न विचारले. पाच शब्द सांगितले आणि म्हणाली, लक्षात ठेवा, थोड्या वेळाने विचारते. घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळ मावशीने सुरेख काढलं. पण शब्द विचारल्यावर दोनच आठवले. बाकीचे तीन शोधताना ती खोलीच्या छताकडे बघत होती, आणि मी आणि काका एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"आता पिशवी," डॉक्टर म्हणाली.

काकांनी पिशवी टेबलावर उलटी केली. डॉक्टरने पत्ते लावावेत तशी पाकिटं लावली. रक्तदाबाची एका बाजूला. मेंदूची गोळी उचलून तिने विचारलं, "ही कोणी लिहून दिली?"

"सासूबाईंसाठी म्हणून आणली," मावशी म्हणाली.

"त्याही घेतात?"

"त्या वारल्या."

डॉक्टरने मान खाली घातली. हसू दाबत होती असं मला वाटतं. मग तिने आणखी एक पाकीट उचललं. "आणि ही?"

मावशी काकांकडे चोरटी नजर टाकून म्हणाली, "ती… लघवीची."

ही गोष्ट काकांनाही ठाऊक नव्हती. मावशी बोलायला लागली तशी तिची मान खाली खाली गेली. दिवसभर गाडीत बसायचं. एक विद्यार्थी उतरला की दुसरा चढतो. पुरुष कुठेही गाडी थांबवून मोकळे होतात, बाईमाणसाने कुठे जायचं? आधी तिने पाणी पिणं सोडलं. वय वाढलं तशी कळ धरवेना. एकदा भर चौकात, शिकणारा शेजारी असताना, फजिती होता होता राहिली. मग एका डॉक्टरकडून ही गोळी आणली. दोन वर्षं झाली. गोळीने काम चोख केलं.

"आणि तोंडाला कोरड पडते?" डॉक्टरने विचारलं.

"सारखी."

"पोट साफ होत नाही? जवळचं वाचताना धूसर दिसतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

डॉक्टरने लघवीची गोळी आणि खाजेची गोळी शेजारी शेजारी ठेवली. "मेंदूला आठवण ठेवायला एक रसायन लागतं. या दोन्ही गोळ्या त्याच रसायनाची वाट अडवतात. तरुण माणसाचं एखाद वेळी निभावतं. तुमच्या वयात एक गोळीसुद्धा जड जाते. तुम्ही दोन घेत होतात, त्यातली एक दुप्पट. त्यात ही तिसरी. काही आजारांत डॉक्टर ती विचार करून देतात, पण अशा विसराळूपणावर तिचा उपयोग होतो असं ठामपणे म्हणता येत नाही. झोप उडवते, चिडचिड वाढवते, हे मात्र खरं. झोप नाही म्हणून तुम्ही पुन्हा दुसरी वाढवलीत."

मावशी पुढे वाकली. "म्हणजे एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर?"

"तसंच म्हणा."

"मग इंजिनाची वाट लागणारच!" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज तिचा वाटला.

"थांबा," डॉक्टर म्हणाली. "मी आत्ताच काही वचन देत नाही. रक्त तपासू, डोक्याचा फोटो काढू. मेंदूची गोळी बंद. खाजेची हळूहळू कमी करत बंद. लघवीसाठी वेगळ्या जातीचं औषध आहे, ते मेंदूच्या वाटेला जात नाही. आणि पाणी प्यायचं. दोन महिन्यांनी पुन्हा पाच शब्द विचारीन. तोपर्यंत गाडी चालवायची नाही."

बाहेर आल्यावर काका तिला म्हणाले, "लघवीची गोळी लपवायची काय गरज होती? मी काय परका आहे?"

"परक्याला एक वेळ सांगितलं असतं," मावशी म्हणाली.

रक्तात फारसं काही निघालं नाही. डोक्याच्या फोटोत वयाला शोभेल असंच सगळं होतं. तरी ते दोन महिने सोपे नव्हते. खाजेची गोळी कमी होताना सुरुवातीला झोपेचं खोबरं झालं. मावशी सकाळी उठून आधी स्वतःची परीक्षा घ्यायची: काल कोण आलं होतं, काय बोललं. एखादा शब्द अडला की तोंड उतरायचं. माझी आई येऊन बसायची आणि बळेच गप्पा मारायची. एके दिवशी दोघी बहिणी आजीबद्दल बोलत होत्या, तेव्हा मावशी सहज म्हणाली, "आईने मला ओळखलं नाही त्या दिवशी ती हिरवं पातळ नेसली होती, ज्याच्या काठावर तुझ्या हातून शाई सांडली होती." आई बघतच राहिली. शाईचा डाग ती स्वतः विसरून गेली होती.

तेव्हापासून घरात हळूहळू हवा बदलली. तोंडाची कोरड गेली. झोप आपणहून यायला लागली, आधी तुकड्यातुकड्याने, मग सलग. औषधाच्या दुकानदाराला कोणाकडून तरी कळलं. तो घरी आला आणि दारातच उभा राहिला. "बाई, चूक माझी. चिठ्ठी मागायला हवी होती मी."

"मागितली होतीस की," मावशी म्हणाली. "मी डोळे वटारले. ये आत. आणि यापुढे कोणीही डोळे वटारले तरी द्यायची नाही. मीसुद्धा."

दुसऱ्या भेटीत डॉक्टरने नवे पाच शब्द दिले. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मावशीला वजाबाक्या करायला लावल्या, मग विचारलं. मावशीने पाचही सांगितले, आणि थांबून म्हणाली, "मागच्या वेळचेही सांगू? तेव्हा दोन आले होते. तिसरा 'शिडी' होता. बाकीचे दोन अजून नाही आठवत."

डॉक्टर मोठ्याने हसली. म्हणाली, "तेवढे मलाही नाही आठवत." मग गंभीर झाली. पुढे कधीच काही होणार नाही असं कोणी सांगू शकत नाही. वर्षातून एकदा येऊन दाखवा. पण आत्ता जे झालं होतं ते गोळ्यांमुळे, आणि ते गेलंय. गाडी चालवा. पहिले काही दिवस शेजारी कोणीतरी घेऊन.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मावशी मटकन बसली. मी घाबरले. पण ती रडत होती ती नुसती सुटका झाल्यासारखी, खांदे हलवत, नाक पुसत. काका शेजारी बसले आणि त्यांनी रंगाचे डाग पडलेला आपला रुमाल पुढे केला. येणारे-जाणारे बाजूने वाट काढत होते. कोणीतरी थांबून विचारलं, "वाईट बातमी का हो?"

"छे हो," काका म्हणाले. "फार चांगली आहे."

गाडी पुन्हा रस्त्यावर यायच्या आधी एक प्रश्न उरला होता. नवं औषध असलं तरी दिवसातून तीन-चार वेळा जायचं कुठे? यावर तोडगा निघाला तो मला वाटतं माझ्या आईच्या तोंडून. "ताई, निम्म्या शहराला तू गाडी शिकवलीस. त्यांच्या घरांना न्हाणीघरं नाहीत का?"

मावशीला आधी लाज वाटली. पण एकदा जाऊन विचारल्यावर कळलं, की लाज तिलाच होती, लोकांना नव्हती. वाचनालयातली बाई म्हणाली, कधीही या. पेट्रोल पंपावरच्या व्यवस्थापकाने आतल्या खोलीची किल्ली दाखवून ठेवली. औषधवाला तर होताच. शिवणाच्या दुकानातली बाई म्हणाली, "मीही तीच गोळी घेते हो, ग्राहक सोडून उठता येत नाही म्हणून." मावशीने तिला तिथल्या तिथे डॉक्टरचा पत्ता दिला.

धडे सुरू झाल्यावर ती न्हाव्याकडे स्वतः गेली. गिऱ्हाइकाच्या दाढीला साबण लागलेला असताना म्हणाली, "त्या दिवशी पुलावर मी मुद्दाम थांबले नव्हते. मला ब्रेक सापडला नाही. तुम्ही आपल्या दोघांना वाचवलंत."

न्हावी ब्रश हातात धरून उभाच राहिला. माणूस रागावणार, पैसे परत मागणार, असं मावशीला वाटलं. पण त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"म्हणजे… गाडी मी थांबवली? माझी मी?"

"तुमची तुम्ही."

"ऐकलंत?" तो साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला. "माझी मी!" पुढच्या परीक्षेत तो पहिल्या फटक्यात पास झाला. भित्रेपणा गेला तो गेलाच. आता जरा जास्तच गेलाय असं मावशी म्हणते.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मावशी वर्षातून एकदा डॉक्टरकडे जाते. औषधाचं नवं पाकीट घरात आलं की आधी डॉक्टरला फोन. अधूनमधून एखादा शब्द अजूनही अडतो. तो माझाही अडतो.

गेल्या आठवड्यात काकांची दाढ काढायची होती. मावशीने त्यांना दातांच्या दवाखान्यात सोडलं आणि तासाभराने घ्यायला येते म्हणाली. मग एक नवी विद्यार्थिनी आली, गाडी मागे घ्यायचा धडा रंगला, आणि मावशी सरळ घरी येऊन चहा टाकत होती. मी तिथेच होते. म्हटलं, "काका कुठे आहेत?"

तिचा हात गालावर गेला. "अगं बाई! विसरले की मी त्यांना!"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. भीती कुठे दिसते का ते शोधत होते. तिथे नुसता नवऱ्याचा ओरडा खावा लागणार याचा वैताग होता. किल्ली उचलून ती हसत हसत बाहेर पळाली, मी तिच्या मागोमाग.

काका दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर बसले होते, तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर. आम्हाला बघून ते उठले आणि त्यांनी मावशीला चांगलंच फैलावर घेतलं. बोळ्यामुळे त्यातलं एक अक्षरही आम्हाला कळलं नाही.